मुलीला वैमानिक व्हायचे आहे: एअरलाइन की खासगी विमानसेवा, आणि सुरुवात कुठून करावी?

मुलुंडचा_पालक

नमस्कार. माझी मुलगी यंदा भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण झाली असून तिने व्यावसायिक वैमानिक होण्याचे ठरवले आहे. दहावीपासून ती या विषयाचे वाचन करीत आली आहे, आणि अभियांत्रिकीला चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळण्यासारखे गुण असूनही तिचे मन तिकडे वळत नाही. आमच्या नात्यात किंवा परिचयात या क्षेत्रातील कोणीही नाही. मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करतो, पत्नी शिक्षिका आहे, आणि आमची मालमत्ता म्हणावी तर ती राहते घर एवढीच आहे.

मुंबईतील काही संस्थांच्या माहितीसत्रांना आम्ही तिघे जाऊन आलो. सर्वत्र आग्रह एकच होता, की जागा भरत आल्या आहेत, तेव्हा आगाऊ रक्कम आजच भरावी. एका संस्थेने तर परवाना हाती येताच नोकरी मिळेल असे तोंडी आश्वासन दिले, मात्र ते लेखी द्या म्हटल्यावर विषय बदलला. म्हणून येथे विचारतो आहे. नेमका क्रम कोणता असावा, एकूण खर्चाचा वास्तव अंदाज काय धरावा, आणि मुलीला मोठ्या एअरलाइनपेक्षा उद्योगसमूहांची किंवा चार्टर कंपन्यांची छोटी जेट विमाने चालवण्याची ओढ अधिक आहे, तर त्या मार्गाने सुरुवातीपासूनच जाता येते का, हे जाणकारांनी सांगावे.

कलिना_हँगर

मी मुंबईतून चार्टर सेवेची जेट विमाने चालवतो आणि त्याआधी एअरलाइनमध्ये होतो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे: कोणत्याही संस्थेला एक रुपयाही देण्याआधी मुलीची वैद्यकीय तपासणी होऊ द्या. प्रथम डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडे क्लास टू तपासणी होते. असे डॉक्टर मुंबईतच आहेत आणि त्यांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर मिळते. त्यानंतर क्लास वन तपासणी होते, आणि व्यावसायिक परवान्यासाठी तीच आवश्यक असते. डोळे, रंगओळख, कान, हृदय आणि रक्त यांची कसून चाचणी होते. चष्मा असला म्हणून दार बंद होत नाही, कारण चष्म्यासह दृष्टी ठरलेल्या निकषात बसली तर चालते, परंतु रंगओळखीत दोष निघाला तर पुढचा मार्ग फार अवघड होतो. ही गोष्ट तीस-चाळीस लाख रुपये खर्च झाल्यावर कळणे आणि आज कळणे यातला फरक मी वेगळा सांगायला नको. क्लास वन हातात येईपर्यंत मोठी रक्कम भरू नका, मग समोरचा माणूस जागा संपल्याचे कितीही सांगो.

आता कॉर्पोरेट विमानांविषयी. मुलीची ओढ मला समजते, कारण हे काम खरोखर समृद्ध आहे. एअरलाइनमधील वैमानिक विमानात येतो तेव्हा उड्डाण योजना, इंधनाचा हिशेब, हवामानाची कागदपत्रे हे सर्व एका मोठ्या विभागाने तयार ठेवलेले असते. आमच्याकडे यातील बरेचसे काम वैमानिकालाच करावे किंवा करवून घ्यावे लागते. नांदेडला किंवा जळगावला जायचे असेल, तर तेथील विमानतळ त्या वेळी सुरू असेल का, रात्री उतरण्याची सोय आहे का, इंधन मिळेल का, हवाई संरक्षण यंत्रणेकडून उड्डाणासाठी मिळणारा परवानगी क्रमांक आला का, हे पाहावे लागते, आणि परतताना मुंबईत उतरण्याची वेळ मिळाली आहे का हेही आधीच पाहावे लागते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत खासगी विमानांवर निर्बंध असतात. प्रवाशांची बैठक तासभर लांबली की संपूर्ण आखणी पुन्हा करावी लागते. सामान चढवण्यापासून केबिन नीट आहे ना हे पाहण्यापर्यंत सर्व काही सहवैमानिकाच्या वाट्याला येऊ शकते, आणि त्यात कमीपणा मानणाऱ्याने या बाजूला येऊ नये. एअरलाइनमध्ये महिन्याचे वेळापत्रक आधी हातात पडते, तर येथे रात्री दहाला फोन येतो आणि पहाटे निघायचे असते. निवडणुकांच्या काळात काम अचानक वाढते, अन्य काही आठवडे विमान हँगरमध्येच उभे राहते. कधी रुग्णाला हलवण्यासाठी उड्डाण असते, आणि त्या कामाचे समाधान वेगळेच असते.

मात्र नुकताच परवाना मिळालेल्या उमेदवाराला जेटवर घेणारे चालक फार थोडे असतात. ज्यांच्याकडे दोन-तीनच विमाने आहेत, त्यांना नवशिक्याला घडवण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण विभाग ठेवणे परवडत नाही, आणि विमा कंपन्याही वैमानिकाच्या उड्डाणतासांकडे बारकाईने पाहतात. अनेक बिझनेस जेटच्या टाइप रेटिंगसाठी, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेसाठी, परदेशातील सिम्युलेटरवर जावे लागते आणि तो खर्च मालक अनुभवी माणसावर करणे पसंत करतो. अपवाद आहेत: किंग एअरसारख्या टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानांवर सहवैमानिक म्हणून सुरुवात केलेले तरुण मी पाहिले आहेत, पण त्या जागा जाहिरातीतून क्वचितच भरल्या जातात. म्हणून प्रथम एअरलाइनमध्ये किंवा प्रशिक्षक म्हणून तास जमवावेत आणि 1500 तासांनंतर मिळणारा एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारा वरचा परवाना हाती आल्यावर, तोवर ओढ कायम असेल तर, आमच्याकडे यावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आणखी एक गोष्ट, जी मुलीने आत्ताच मनाशी पक्की करावी. लहान विमानतळावर धुके किंवा पाऊस असताना मागे बसलेली व्यक्ती कितीही मोठी असली, तिला कितीही घाई असली, तरी किमान उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर विमान वर घेऊन परत फिरण्याचा निर्णय वैमानिकाचाच असतो. चार्टर सेवेत हा दबाव एअरलाइनपेक्षा थेट अंगावर येतो, कारण प्रवासी आणि वैमानिक यांच्यात अंतरच नसते. ज्या चालकाकडे अशा निर्णयाबद्दल वैमानिकाला जाब विचारला जातो, तेथे पगार कितीही असो, नोकरी धरू नये.

धुळे_धावपट्टी

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे. माझे प्रशिक्षण महाराष्ट्रातच झाले आणि सध्या मी एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, म्हणून परवाना आणि नोकरी यांच्या मधल्या काळाविषयी लिहितो, कारण माहितीसत्रांत त्याबद्दल कोणी बोलत नाही.

व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. त्यापैकी 100 तास स्वतः पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक म्हणून करावे लागतात, आणि त्यात किमान 20 तासांचे क्रॉस कंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणी जाण्याचे उड्डाण असते, ज्यातील एक प्रवास 300 सागरी मैलांचा असून वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरणे आवश्यक असते. याशिवाय रात्रीची उड्डाणे आणि इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचे, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवरून विमान चालवण्याचे तास वेगळे मोजले जातात. कागदावर हे वर्षभरात सहज बसते. प्रत्यक्षात जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडील ढग, पाऊस आणि वारा यांमुळे सेसनासारखी छोटी विमाने दिवसचे दिवस जमिनीवर राहतात, एखादे विमान दुरुस्तीला गेले की सुट्या भागांची वाट पाहावी लागते, आणि विद्यार्थी अधिक व प्रशिक्षक कमी असतील तर आपली पाळी येईपर्यंत आठवडा जातो. त्यामुळे संस्था निवडताना शुल्कापेक्षा हे विचारा: विद्यार्थी किती आहेत, त्यांच्या तुलनेत आज उडण्याच्या स्थितीत असलेली विमाने किती, आणि मागील तुकडीला 200 तास पूर्ण करायला प्रत्यक्षात किती काळ लागला. उत्तर कार्यालयात घेऊ नका. धुळे, बारामती, गोंदिया, जे ठिकाण असेल तेथे स्वतः जाऊन वसतिगृहातील मुलामुलींशी बोला. डीजीसीएने 2025 पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीही अवश्य पाहा. रायबरेलीजवळील फुर्सतगंज येथील इग्रुआ ही केंद्र सरकारची वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे आणि तिची प्रवेशपरीक्षा तुमच्या मुलीने द्यावी असे मी सुचवेन.

खर्चाचा अंदाज म्हणाल, तर भारतात परवान्यापर्यंत साधारण 45 ते 60 लाख रुपये आणि त्यानंतर एअरबस 320 किंवा बोइंग 737 च्या टाइप रेटिंगसाठी आणखी 15 ते 25 लाख रुपये धरून चालावे. एअरलाइनच्या कॅडेट योजनेत, म्हणजे एअरलाइनने स्वतः निवडून प्रशिक्षण करवून घेण्याच्या योजनेत, निवडीची परीक्षा आधीच होते आणि वाट ठरलेली असते, पण एकूण रक्कम एक कोटीच्या आसपास जाऊ शकते. परवाना मिळाला त्याच महिन्यात एअरलाइनची भरती सुरू असेल असे नसते. किंगफिशर 2012 मध्ये, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये जमिनीवर आली. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात आले आणि नव्यांची प्रतीक्षा लांबली. मी स्वतः त्या प्रतीक्षेत असताना ग्राउंड क्लासमध्ये शिकवत होतो. त्या काळात परवाना आणि रेटिंग चालू ठेवण्यासाठीही पैसे लागतात, म्हणून सगळी रक्कम 200 तासांतच संपेल अशी आखणी करू नका.

पार्ले_पूर्व

मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या शैक्षणिक कर्ज विभागात काम केले आहे, तेव्हा त्यापुरते लिहितो. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतील वैमानिक प्रशिक्षणासाठी शैक्षणिक कर्ज मिळते, परंतु इतक्या मोठ्या रकमेला बँक तारण मागते, आणि मध्यमवर्गीय कुटुंबात ते तारण बहुतेक वेळा राहते घरच असते. येथेच थांबून विचार करावा. कर्ज मंजूर झाले तरी संस्थेला पूर्ण रक्कम एकदम देण्याचा करार करू नका. ठरावीक उड्डाणतास झाल्यावर पुढचा हप्ता, अशी रचना बँकेकडून आणि संस्थेकडून लेखी मान्य करून घ्या. संपूर्ण शुल्क आगाऊ भरलेले आणि विमाने उभी असलेली, या अवस्थेतील पालक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हातात दबाव आणण्याचे कोणतेही साधन उरलेले नव्हते. अभ्यासक्रम संपल्यानंतर हप्ते सुरू होण्यापूर्वी मिळणारी सवलतीची मुदत किती आहे तेही नीट वाचा, कारण नोकरी त्या मुदतीत लागेलच असे नाही.

मुलुंडचा_पालक

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने हे सर्व दोनदा वाचले. क्लास टू तपासणीची वेळ घेण्याचे आम्ही ठरवले आहे. दोन शंका उरल्या. तपासणीचे निकाल येईपर्यंतचा काळ तिने कसा वापरावा? आणि पदवी सोडून द्यावी का, याबद्दल घरात मतभेद आहेत. तिच्या आईला पदवी हवीच असे वाटते.

कलिना_हँगर

ताईंचे म्हणणे योग्य आहे. परवान्यासाठी पदवी आवश्यक नाही, पण वैद्यकीय कारणाने वैमानिकाचे उड्डाण कोणत्याही वयात थांबू शकते, आणि क्लास वन तपासणी दर वर्षी नव्याने द्यावी लागते. दूरस्थ पद्धतीने मुंबई विद्यापीठाची पदवी प्रशिक्षणासोबत पूर्ण करणारे अनेक जण आहेत. तिच्या आवडीचा कोणताही विषय चालेल.

मधल्या काळात तिने डीजीसीएच्या लेखी परीक्षांची तयारी सुरू करावी. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषय हे पेपर असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी 70 टक्के गुण लागतात. प्रवेशापूर्वीच संगणक क्रमांकासाठी, म्हणजे या परीक्षांना बसण्यासाठी डीजीसीए देते त्या नोंदणी क्रमांकासाठी, अर्ज करावा, त्यासाठी बारावीच्या गुणपत्रिकेची मंडळाकडून पडताळणी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून ते काम या आठवड्यातच हाती घ्या. पेपरांपैकी हवामानशास्त्र आणि हवाई नियम घरी पुस्तक घेऊन बऱ्यापैकी होतात, मार्गनिर्धारणाला मात्र शिकवणारा हवा, आणि त्यासाठी वर्ग लावायचा झाल्यास फक्त त्या विषयाचा लावावा, संपूर्ण पॅकेज घेऊ नये. पेपर आधी झाले की धावपट्टीवर गेल्यावर सगळे लक्ष उड्डाणाकडे राहते, आणि हवामानामुळे विमान उभे असलेल्या दिवशी वसतिगृहात बसून नापास पेपराची धास्ती घ्यावी लागत नाही.

कॉर्पोरेट विमाने जवळून पाहायची तिची इच्छा असेल तर क्लास वन झाल्यावर येथे निरोप ठेवा. विमानतळावरील प्रवेशाचे नियम कडक आहेत, त्यामुळे हँगर दाखवण्याचे वचन देता येणार नाही, पण आमच्याकडील दोन महिला कमांडरांपैकी एकीशी तिचे निवांत बोलणे करून देईन. वडील सोबत असले तरी चालतील, प्रश्न मात्र तिने स्वतः विचारावेत.