पिकअपला मागे जादा पाटे चढवावेत का?

कांदेवाला_येवला
नमस्कार. माझ्याकडे १.३ टन भारवहनक्षमतेची बोलेरो पिकअप असून उन्हाळ कांद्याच्या हंगामात मी तिच्यातून विंचूरमार्गे लासलगावला खुला कांदा नेतो. गाडी भरली की मागून इतकी बसते, की चाक खड्ड्यात गेले की ॲक्सल चासीच्या रबरावर आपटतो आणि तो दणका स्टीअरिंगपर्यंत जाणवतो. गेल्या महिन्यात डाव्या बाजूच्या कमानीतला, म्हणजे भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या जुडीतला, दुसरा पाटा ती जुडी मधोमध बांधणाऱ्या सेंटर बोल्टजवळ तुटला. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन जाड पाटे वाढवले तर २२ क्विंटल माल आरामात जाईल, असे पाटेवाल्याचे म्हणणे आहे. हे काम करून घ्यावे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कमानपाटे_दुरुस्ती
मी बरीच वर्षे हेच काम करतो, तरीही आपण हे काम करून घेऊ नये असेच सांगेन. पाटे वाढवल्याने गाडी कमी बसते, एवढेच. ॲक्सलची नळी, चाकाचे बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी यांपैकी कशाचीही ताकद त्याने वाढत नाही. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ७ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटाच जवळपास दीडपट ताठर होतो. असे चार पाटे वाढले की जो धक्का आधी पाटे लवून सोसत होते, तो थेट चासीला बसू लागतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक दांडी असते आणि ती भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी बसली की दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. ताठर पाट्यांमुळे गाडी बसलीच नाही, तर भरलेली गाडीसुद्धा व्हॉल्व्हला रिकामीच वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात आणि उतारावर सगळा ताण पुढच्या चाकांवर येतो. आपल्या गाडीत अशी दांडी आहे का, हे खाली वाकून एकदा पाहावे.

आपला पाटा सेंटर बोल्टजवळ तुटला, यावरून मला कमान ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले असल्याची दाट शंका येते. यू-बोल्ट घट्ट असतील तर मधला भाग लवतच नाही. ते सैल झाले की भोकापाशी पाटा सतत वाकतो आणि तिथेच तुटतो. त्यामुळे आधी ते तपासावेत.

द्राक्षवाहतूक_निफाड
वरील प्रतिसादाशी मी अनुभवाने सहमत आहे. मी माझ्या जुन्या पिकअपला असेच दोन-दोन पाटे वाढवले होते. पहिला हंगाम उत्तम गेला, मात्र रिकामी गाडी परत आणताना मागची चाके उड्या मारत आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की शेपूट बाजूला सरके. अर्धी गाडी द्राक्षाचे क्रेट असले की मण्यांची गळ इतकी होई, की व्यापारी भाव पाडून मागत. दुसऱ्या हंगामात मागच्या शॅकलच्या (कमानीचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीच्या) ब्रॅकेटशेजारी रंगावर गंजाची केसासारखी बारीक रेघ दिसली. रॉकेलने पुसून पाहिले तर ती चासीची भेग होती. वेल्डिंग केले, पण चार महिन्यांत तिथूनच दोन इंचांवर पुन्हा भेग पडली.

दंडाचाही विचार व्हावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे. पाटे कितीही असोत, आरसी बुकातील एकूण वजनाचा आकडा बदलत नाही.

कांदेवाला_येवला
दोघांचेही मनापासून आभार. आज बाजार समितीच्या जुन्या काटापट्ट्या काढून पाहिल्या. एकाही खेपेला माल १९ क्विंटलच्या खाली नव्हता आणि एकदा तर २१ क्विंटल ४० किलो भरला होता. इतकी वर्षे त्या पट्ट्या मी फक्त पैशांसाठी पाहत आलो. डाव्या यू-बोल्टला पाना लावला, तर दोन्ही नट जवळपास एक-एक वळसा फिरले. ब्रेकची दांडीही आहे, पण चिखलाने जाम झालेली आहे. तुटलेला पाटा बदलून मूळ मापाचाच पूर्ण संच घालायचे ठरवले आहे आणि यापुढे एका खेपेला १३ क्विंटलच भरणार. डिझेलचा खर्च वाढेल, पण आठवड्यातून दोनदा माझा मुलगा ही गाडी चालवतो.

कमानपाटे_दुरुस्ती
योग्य निर्णय घेतलात. संच बसवताना यू-बोल्ट आणि नट नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणलेले जुने बोल्ट पुन्हा तितके घट्ट धरत नाहीत. पहिल्या दोन-तीन भरलेल्या खेपांनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. माल भरताना केबिनच्या बाजूने चढत यावे; मागच्या फाळक्याशी ढीग राहिला की पुढची चाके हलकी होतात. दांडी मोकळी झाली की मेकॅनिककडून तिची जुळणी मूळ उंचीप्रमाणे करून घ्यावी, आणि तोपर्यंत गाडी मुलाच्या हाती देऊ नये.