मदत हवी आहे : जळगावात ३२ जणांची टेकन ८ स्पर्धा. घरचे टीव्ही चालतील का? सेटअप किती लागतील?

केळीच्या_बागेतला_काझुया :

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही पाच-सहा जण जळगावात टेकन ८ (दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम) ची स्पर्धा घेतोय. भरीत पार्टीत कोणीतरी बोलून गेलं आणि सकाळपर्यंत ग्रुपवर २७ नावं आली. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, अगदी शिरपूरहून पोरं येतो म्हणतायत. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. आकडा ३२ वर थांबवणार आहे.

मागच्या उन्हाळ्यात बारा जणांची एक स्पर्धा एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत घेतली होती. तिचं काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल.

दोन पीएस५ (प्लेस्टेशन ५ कन्सोल) होते. एक हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीला जोडला, दुसरा एका मॉनिटरला. टीव्हीवर हरलेला प्रत्येक जण म्हणायचा, बटण उशिरा लागतंय. आम्ही म्हणायचो, नाचता येईना अंगण वाकडं. मग आमच्यातला सगळ्यात चांगला खेळणारा त्या टीव्हीवर बसला आणि त्याच्या हातून एकही इलेक्ट्रिक (नेमक्या क्षणी बटण दाबावं लागतं ती चाल) निघेना. तेव्हा कुठे आम्ही गप्प बसलो.

दुपारी अडीचला कन्सोलने स्क्रीनवर लिहून दाखवलं की मी फार तापलोय, आणि तो बंद पडला. त्यानंतर एकाने स्वतःचा कंट्रोलर बॅगेतून काढून पीएस बटण दाबलं. तो आधीच त्या कन्सोलला जोडलेला होता, त्यामुळे चालू मॅचमध्ये मेनू उघडला. चार वाजता लाईट गेली. स्कोअर १-१ होता की २-१ यावर जे भांडण झालं, त्यातले दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

तर प्रश्न असे :

टीव्ही अजिबात नको, की काही सेटिंग करून चालतील? सगळीकडे मॉनिटर घ्यायचे तर खिसा फाटेल, फी फक्त २०० रुपये ठेवलीय.

३२ जणांना किती सेटअप (एक कन्सोल आणि एक पडदा) लागतात? एका दिवसात उरकायचंय. धुळ्या-शिरपूरच्या पोरांना रात्री परत जायचंय.

पीएस५ चार जमलेत, पीएस४ तीन पडून आहेत. त्यांचा काही उपयोग?

आणि लाईटचं काय करायचं? हॉल एका मंगल कार्यालयाचा आहे, जनरेटर आहे म्हणतात.

जाणकारांनी प्रकाश टाकावा (लाईट असेपर्यंत). आगाऊ धन्यवाद.

तापीकाठ :

धागा जिव्हाळ्याचा आहे, पण टीव्हीचा उगाच बाऊ होतोय असं वाटतं. आम्ही भुसावळला स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये टेकन ३ खेळलो. टीव्ही असा की हिरवा रंग दिसायचाच नाही, वरून थाप मारली की चित्र यायचं. तरी कोणी म्हणालं नाही बटण उशिरा लागतं.

फ्रेम_मोजणारा :

तापीकाठ दादा, तुमचा तो डबडा टीव्ही आजच्या ४३ इंचीपेक्षा खेळायला चांगला होता, हीच तर गंमत आहे. जुना काचेच्या नळीचा टीव्ही आलेला सिग्नल तसाच्या तसा पडद्यावर मारायचा, मध्ये थांबून विचार करत नव्हता. आजचा टीव्ही चित्र आधी स्वतःकडे घेतो, रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. सिनेमा बघताना कळत नाही, मारामारीत कळतं.

काझुयाभाऊ, हिशोब असा आहे. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमवर (६० चित्रांवर) चालतात, म्हणजे एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंद. टेकनमध्ये साधा जॅब, म्हणजे झटपट ठोसा, १० फ्रेमचा. टीव्हीने ८० मिलिसेकंद खाल्ले तर जवळजवळ ५ फ्रेम गेल्या, अर्धा जॅब टीव्हीनेच गिळला. समोरचा काय करतोय ते बघून अडवायचं असेल तर तो वेळ परत मिळत नाही.

दोघं एकाच पडद्यावर खेळतात, मग अन्याय कसला, असं कोणी म्हणेल. अन्याय घरच्या सवयीचा आहे. ज्याने वर्षभर मॉनिटरवर सराव केला त्याचं बोट त्या लयीत बसलेलं असतं. इलेक्ट्रिकसारख्या चालीत बटण नेमक्या एका फ्रेमवर लागतं. एका सामन्याला मॉनिटर, पुढच्या सामन्याला टीव्ही असं झालं की ती लय तुटते. म्हणून महाग सामान शोधू नका, सगळीकडे एकसारखं सामान शोधा. एव्होसारख्या मारामारीच्या गेमच्या मोठ्या स्पर्धेतही बरीच वर्षं साधे २४ इंची मॉनिटरच लावायचे, पण रांगेने सगळे एकाच मॉडेलचे.

टीव्ही आहेच तर आधी मोजा. फोनमध्ये २४० फ्रेमचं स्लो-मोशन असेल तर बोट आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत घ्या, जॅब दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, बटण दबल्यापासून पडद्यावर हात हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. फोनच्या चार फ्रेम म्हणजे गेमची एक. या आकड्यात गेमचा आणि कन्सोलचा स्वतःचा उशीरही येतो, म्हणून नुसत्या आकड्याला अर्थ नाही. दोन पडद्यांमधला फरक बघायचा. दहा वेळा दाबून सरासरी घ्या. टीव्हीवर गेम मोड लावून पुन्हा मोजा, आणि तो मोड ज्या एचडीएमआय पोर्टला लावलाय त्याच पोर्टला वायर आहे ना, ते बघा. अर्धे लोक इथेच चुकतात.

सातपुड्याचा_वारा :

सेटअपच्या संख्येवर लिहितो, आम्ही नाशिकला एक-दोनदा हे निस्तरलंय.

डबल एलिमिनेशन (दोनदा हरला की बाहेर) ठेवणार ना? ठेवाच. शिरपूरहून तीन तास प्रवास करून आलेला पोरगा एक मॅच हरून घरी जाऊ नये. ३२ जणांच्या डबल एलिमिनेशनमध्ये ६२ सामने होतात, फायनल रीसेट झाली (तोवर न हरलेला तिथे हरला, म्हणून पुन्हा एकदा खेळले) तर ६३. शेवटच्या आठांचे १० किंवा ११ सामने सगळ्यांना बघायचे असतात, ते एकाच मोठ्या पडद्यावर एकामागून एक होतील. उरले ५२. तीनपैकी दोनच्या एका सामन्याला, बटणं लावण्यापासून उठेपर्यंत, १० मिनिटं धरा. चार सेटअपवर ५२ सामने म्हणजे १३० मिनिटं. हे कागदावर. प्रत्यक्षात कोणी चहाला गेलेला असतो, कोणाची हरणाऱ्यांच्या बाजूची मॅच दुसऱ्या कोणासाठी अडकलेली असते. तीन तास धरा. टॉप आठ पाचपैकी तीनचे असतील तर त्याला आणखी अडीच तास. सकाळी दहाला पहिलं बटण दाबलं तर जेवण धरून पाचपर्यंत मोकळे. दहाला म्हणजे दहाला, आपल्याकडच्या लग्नाच्या मुहूर्तासारखं नाही.

पाचवा सेटअप मात्र जमवा. तो सरावाला ठेवायचा, आणि एखादा बिघडला की तो उचलून तिथे लावायचा.

पीएस४ विसरा. टेकन ८ त्यावर आलेलाच नाही, फक्त पीएस५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसी. हरलेल्यांसाठी कोपऱ्यात टेकन ७ लावून द्या, गर्दी तिथेच जास्त होईल बघा. पीएस४ चे कंट्रोलरही गोळा करून बाजूला ठेवा. पीएस४ चा साधा पॅड पीएस५ च्या गेमला चालत नाही, आणि हे दरवेळी कोणाला तरी खुर्चीत बसल्यावर कळतं. जुन्या आर्केड स्टिक (दांडा आणि मोठी बटणं असलेले कंट्रोलर) काही गेममध्ये चालतात, काहींत नाही. कोणी स्टिक आणणार असेल तर त्याला आदल्या दिवशी लावून बघायला बोलवा.

डावरी_ज्युन :

पीएस बटणाच्या घोळाबद्दल. हा प्रकार मोठमोठ्या स्पर्धांत होतो, तुम्ही एकटे नाही.

सगळे वायरवर खेळतील असा नियम करा. पण नुसती वायर खोचून भागत नाही. सेटिंग्ज, ॲक्सेसरीज, मग कंट्रोलरमध्ये संपर्काची पद्धत असते, तिथे यूएसबी केबल निवडा. नाहीतर वायर फक्त चार्जिंग करत राहते. स्वतःचा पॅड आणणाऱ्याने उठताना तो कन्सोलमधून काढून टाकायचा, आणि ते काम त्याच्यावर सोडू नका, सेटअपजवळ एक माणूस उभा ठेवा.

वायरी स्वस्तात घ्याल तर काही नुसत्या चार्जिंगच्या निघतात, डेटा जातच नाही. दुकानात लावून बघून घ्या. तीन मीटरच्या घ्या, आखूड वायरीने पोरं मॉनिटरला नाक लावून बसतात.

मॅच सुरू होण्याआधी बटणं तपासायला प्रत्येकाला वेळ द्या. एकदा राऊंड सुरू झाली की बटण चुकीचं लागलं ही तक्रार ऐकायची नाही. मध्येच पॉज झाला, चुकून का असेना, तर ज्याच्याकडून झाला त्याची राऊंड गेली. जिंकणाऱ्याने पात्र बदलायचं नाही, हरणाऱ्याने बदलायचं असेल तर बदलावं. डावी-उजवी बाजू कोणाची यावर दगड-कागद-कात्री. लीव्हरलेस बॉक्स (दांड्याऐवजी नुसती बटणं असलेला कंट्रोलर) आणला असेल तर डावं-उजवं एकदम दाबल्यावर काय होतं ते तपासा, पात्र जागेवर उभं राहिलं पाहिजे. टर्बो आणि मॅक्रो (आपोआप बटणं दाबणाऱ्या सोयी) बंद. हे सगळं छापून भिंतीला चिकटवा. तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत कोणाला आठवत नाही.

आणखी एक, हे सगळे विसरतात : पात्रं. मूळ गेममध्ये ३२ पात्रं आहेत, नंतरची विकत घ्यावी लागतात. एका कन्सोलवर हेहाची आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं तर हेहाचीवाला अडून बसेल, आणि त्याचं बरोबरच असेल. डिजिटल गेम असेल तर ज्याच्या खात्यावर घेतलाय त्याचं ऑफलाईन खेळणं त्याच कन्सोलवर चालू आहे ना, ते घरी बघा. हॉलच्या वायफायच्या भरवशावर राहू नका. अपडेट आदल्या रात्री, सगळ्यांचं एकच व्हर्जन.

आसोद्याचा_वायरमन :

भाऊ, माले वाटस तुम्ही सगळं इचारं, पण लाईटनं कोणी धड सांगं नही. मी सांगस.

आता मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याचे लोक भाषांतर मागतील. पीएस५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो, मॉनिटर ३० धरा. पाच सेटअप म्हणजे साडेअकराशे वॅट. भिंतीतलं साधं ६ ॲम्पियरचं सॉकेट जेमतेम १३८० वॅटचं. म्हणजे सगळं एका बोर्डावर टाकलं आणि वरून कोणी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली की संपलं. एका बोर्डावर दोनच सेटअप, आणि ते बोर्ड वेगवेगळ्या भिंतीतून घ्या. मंगल कार्यालयात वधूपक्ष आणि वरपक्षाच्या खोल्यांच्या लाईनी बहुतेक वेगळ्या असतात, तिथून ओढा.

जनरेटर आहे हे ठीक, पण लाईट गेल्यापासून तो चालू होईपर्यंतचा एक मिनिट कोण देणार? तेवढ्यात कन्सोल बंद पडतो, मग चालू होताना स्टोरेज दुरुस्त करत बसतो. प्रत्येक सेटअपला ६०० व्हीएचा यूपीएस द्या. कॉम्प्युटर क्लासवाल्यांकडे ढिगाने पडलेले असतात, पण बॅटरी जिवंत आहे का ते कन्सोल लावून बघा, दिवा लावून नको.

उन्हाळ्यात तापला त्याचं नवल नाही. कंपनीनेच तो ५ ते ३५ अंशात चालवायचा म्हणून लिहिलंय. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४४-४५ असतं, गच्चीवरच्या पत्र्याखाली किती असेल ते तुम्हीच बघा. डिसेंबरात काळजी नाही, फक्त टेबलक्लॉथ मागच्या जाळीवर लोंबू देऊ नका. मंगल कार्यालयवाले हौसेने झालरी लावतात.

केळीच्या_बागेतला_काझुया :

सगळ्यांचे आभार. काल रात्री जागून मोजलं, आकडे देतो.

मित्राचा २४ इंची मॉनिटर : फोनच्या २४ फ्रेम. माझा ४३ इंची टीव्ही, नेहमीच्या सेटिंगवर : ४४. म्हणजे गेमच्या ५ फ्रेमचा फरक. ज्यांना उन्हाळ्यात हसलो त्यांची ग्रुपवर माफी मागितली. गेम मोड लावल्यावर तोच टीव्ही २८ वर आला, फरक एका फ्रेमचा. म्हणजे टीव्ही अगदीच टाकाऊ नाही, पण एक मॉनिटर आणि एक टीव्ही अशी खिचडी आता करणार नाही. तो टीव्ही सरावाच्या सेटअपला.

ठरलं ते असं : स्पर्धेला चार पीएस५ चार मॉनिटरवर, पाचवा पीएस५ पाचोऱ्याचा एक जण देतोय. लाईट गेली तर पूर्ण झालेले गेम धरायचे, अर्धवट राहिलेला पहिल्यापासून. प्रत्येक गेमनंतर शेजारचा माणूस पाटीवर खडूने स्कोअर लिहील. पाटी कोणी पुसू नये म्हणून आतेभावाला बसवलंय, त्याला टेकन येत नाही, त्यामुळे तो निष्पक्ष आहे.

फायनल प्रोजेक्टरवर दाखवायची होती. त्याचा उशीर मोजला नाही.

फ्रेम_मोजणारा :

प्रोजेक्टर प्रेक्षकांना दाखवा, खेळाडूंना नाही. कन्सोलची वायर स्प्लिटरमध्ये, एक फाटा मॉनिटरला, दुसरा प्रोजेक्टरला. यूट्यूबवर दाखवायचं असेल तर कॅप्चर कार्डचा (कन्सोलचं चित्र लॅपटॉपला देणारी डबी) पासथ्रू, म्हणजे थेट पुढे जाणारा फाटा, मॉनिटरला, लॅपटॉपवरच्या चित्रात बघून कोणी खेळायचं नाही. आणि कॅप्चरला काळं चित्र आलं तर घाबरू नका, सिस्टीममधल्या एचडीएमआयमध्ये एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) बंद करा.

केळीच्या_बागेतला_काझुया :

जमेल. आता एकच राहिलं. तशाच मॉडेलचे तीन मॉनिटर झालेत, चौथा मिळत नाहीये. मित्राच्या मॉनिटरचा फोटो ग्रुपवर टाकलाय. भुसावळ-जळगावात कोणाकडे आहे का? एका दिवसासाठी. जेवायला शेवभाजी आहे.

तापीकाठ :

माझ्या पोराकडे तोच आहे. पण त्याचा स्टँड तुटलाय, विटेला टेकवून ठेवावा लागतो.

केळीच्या_बागेतला_काझुया :

पाठवा दादा. वीट पण पाठवा, उंची जुळलेली असेल.