दोन-चार बी ग्रेड आले म्हणून चांगल्या कॉलेजला अप्लायच करायचं नाही का?

रानवारा:
अमेरिकेतल्या आमच्या देशी पालकांच्या ग्रुपवर ऑगस्ट उजाडला की एकच रडगाणं, लेकीला टेन्थमध्ये केमिस्ट्रीत बी आला, अनवेटेड जीपीए (अवघड विषयांना जादा गुण न देता चारपैकी काढलेली ग्रेडची सरासरी) ३.७५ वर अडकलाय, आता मोठ्या कॉलेजांचं नावच नको. परवा तर एका खासगी काउन्सेलरने माझ्या मैत्रिणीला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं की ३.९ च्या खाली असाल तर टॉप ५० विसरा (तासाला किती घेतो ते विचारू नका). मला हे साफ चुकीचं वाटतं. ट्रान्स्क्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) वाचणारा माणूस नुसता आकडा वाचत नाही हो, त्याच्या पुढ्यात शाळेचं प्रोफाइल असतं, शाळेत किती एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आहेत, पोरीने त्यातले किती घेतले, बी कुठल्या वर्षी आला, कशात आला हे सगळं दिसतं त्याला. नाइन्थमध्ये दोन बी आणि ज्युनियर इयरला (इलेव्हन्थला) अवघड एपी घेऊन सगळे ए, हा एक ३.७५. नाइन्थमध्ये सगळं चकाचक आणि ज्युनियर इयरला घसरगुंडी, हा दुसरा. दोन्ही सारखे कसे? आणि प्रवेशात एशियन मुलांवर अन्याय होतो म्हणून हार्वर्डवर जो खटला झाला त्यात जे आकडे बाहेर आले त्यात एका वर्षीच्या साधारण २६,००० अमेरिकी अर्जदारांपैकी ८,००० च्या वर मुलांचा जीपीए पर्फेक्ट होता, आणि प्रवेश मिळाला दोन हजारांच्या आसपास. म्हणजे ४.० वाल्यांचीही बहुतेकांची बोळवणच झाली. मग एका बी चं एवढं सुतक कशाला?

खडूस:
८,००० पर्फेक्टवाले रांगेत उभे आहेत म्हणून ३.७५ ला चान्स आहे? हे लॉजिक कुठल्या एपीत शिकवतात?

चष्मिस_बाबा:
खडूसला +१. ताई, त्याच खटल्याचं पुढचं पान पण वाचा ना. तिथल्या डेटावर अर्थशास्त्रज्ञांनी जो पेपर लिहिला त्यात प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची पोरं, स्टाफची पोरं नाहीतर डीनच्या खास यादीतली होती. थोडे कमी ग्रेड चालतात, नाही कुठे म्हणतोय मी, पण कोणाचे चालतात? आणि आपल्या एशियन मुलांना ‘पर्सनल रेटिंग’ (स्वभाव-व्यक्तिमत्त्वाचे गुण) सरासरीने कमी दिलं जायचं हेही तिथेच निघालं. २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी घातली तरी लेगसी, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना झुकतं माप, बऱ्याच ठिकाणी चालूच आहे. त्याच वर्षी राज चेट्टी वगैरे अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आला, सारखाच एसएटी (प्रवेशासाठीची टेस्ट) स्कोअर असताना सगळ्यात श्रीमंत एक टक्क्यातल्या घरचं पोर आयव्ही लीग (हार्वर्ड वगैरे) आणि तसल्या नामवंत कॉलेजात जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय पोराच्या दुपटीहून जास्त. तेव्हा ‘होलिस्टिक’, म्हणजे नुसते ग्रेड न बघता सगळं बघतो म्हणतात ते, म्हणजे काय ते समजून घ्या. दोघं आयटीत, घरात लेगसी नाही, पोरगं लॅक्रॉस खेळत नाही, अशा घराला आपल्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे ग्रेड. ते पण सोडून द्यायचे?

रानवारा:
सोडून द्या असं मी कुठे म्हटलं? आणि तुम्ही सगळे धावत हार्वर्डलाच का जाता? चेट्टींच्याच अभ्यासात आहे की मोठ्या सरकारी फ्लॅगशिप (राज्यातल्या मुख्य) युनिव्हर्सिट्यांमध्ये श्रीमंतांना असा फायदा दिसत नाही. मी बोलतेय ते त्या कॉलेजांबद्दल जी पाचातल्या एकाला, तिघातल्या एकाला घेतात. तिथे ३.७५ म्हणजे ठीकठाक अर्ज आहे, पण आपण त्यांना ‘सेफ्टी’ (हमखास मिळणारं) म्हणून नाक मुरडतो आणि वीसच्या वीस लॉटरीची तिकिटं काढून बसतो.

बेएरियातली:
कॅलिफोर्नियावाल्यांसाठी थोडी माहिती देते कारण इथे अर्ध्या लोकांना हे ठाऊकच नसतं. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, इथली सरकारी) जीपीए काढताना नाइन्थचे ग्रेड धरतच नाहीत, नाइन्थ संपल्यावरच्या सुट्टीपासून इलेव्हन्थ संपल्यावरच्या सुट्टीपर्यंतचेच धरतात. दुसरं, प्लस-मायनस मोजत नाहीत, ए मायनस म्हणजे ए. त्यामुळे शाळेच्या पोर्टलवर ३.७ दिसणारं पोर यूसीच्या हिशोबात बरंच वर जाऊ शकतं. तिसरं, एसएटी बघतच नाहीत, स्कोअर पाठवला तरी प्रवेशासाठी वापरत नाहीत. मग उरतं काय तर विषय, ग्रेड, अॅक्टिव्हिटी आणि ते निबंधाचे आठपैकी चार प्रश्न, प्रत्येकी ३५० शब्द. तिथे मुलं फुलोरा लिहितात आणि वाया घालवतात. पण हेही सांगते, यूसीएलएला दीड लाखाच्या आसपास अर्ज येतात आणि दहातल्या एकालाही घेत नाहीत. तेव्हा रानवारा म्हणते ते डेव्हिस, सांताक्रूझ या यूसी कॅम्पसना बऱ्यापैकी लागू, एलएला नाही.

चष्मिस_बाबा:
आणि मेजर (मुख्य विषय)? मेजरबद्दल कोणी बोलतच नाहीये. आपल्या घरांत दहातली सात पोरं सीएस (कॉम्प्युटर सायन्स) टाकणार, आणि तिथे कॉलेजचा एकूण अॅक्सेप्टन्स रेट बघून काही उपयोग नाही. इलिनॉय अर्बाना-शँपेन एकूणात बरीच मुलं घेतं, पण सीएसला एक आकडी टक्के. ३.७५ वर तिथे सीएस टाकणं म्हणजे अर्जाची फी दान करणं.

कॉलेजकुमार:
बाबा एक मिनिट, मी सध्या अशाच एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत आहे, ट्रान्स्क्रिप्टवर बी होते, त्यातला एक प्रीकॅल्कचा (गणिताचा). मी स्ट्रेट सीएस टाकलंच नाही, लिंग्विस्टिक्स जोडलेलं सीएस टाकलं, इलिनॉयला पण असे सीएस प्लस अमुक बरेच प्रोग्राम आहेत. पण ते बॅकडोअर समजून टाकू नका, मला भाषांचं खरंच वेड होतं म्हणून निबंधात लिहायला काहीतरी होतं. नुसतं ‘आय लव्ह लँग्वेजेस’ असलं तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. आणि आत आल्यावर प्युअर सीएसमध्ये उडी मारू असा प्लॅन असेल तर आधी त्या कॉलेजचे नियम वाचा, कित्येक ठिकाणी तो दरवाजा बंदच असतो.
अजून एक, बी साठी कारण असेल तर कॉमन अॅपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) अॅडिशनल इन्फॉर्मेशनचा बॉक्स असतो, तिथे तीन-चार ओळीत सांगायचं आणि थांबायचं. माझ्या मित्राने तिथे टीचर कसा अन्फेअर होता याचा निबंध लिहिला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून डिलीट करायला लावला.

खडूस:
कारण नसेल तर? म्हणजे पोरगं नुसतं आळशी असेल तर कुठल्या बॉक्समध्ये लिहायचं?

कॉलेजकुमार:
तर बॉक्स रिकामा ठेवायचा :) सिरियसली, एका बी ची सफाई दिली तर लक्ष उलट तिकडेच जातं. आणि सीनियर इयरला ढिलं सोडू नका, मिडइयर रिपोर्ट जातो, पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड तेही बघतात.

टेक्सासचे_नाना:
आमच्याकडचं दुखणं वेगळंच. यूटी ऑस्टिनला ऑटोमॅटिक अॅडमिशन वर्गातल्या वरच्या सहा टक्क्यांना होतं, २०२६ च्या फॉलपासून पाच टक्के केलंय. आता आमची शाळा अशी की तिथे ३.८ वाला पोरगा वरच्या चतुर्थांशात पण येत नाही, आणि तोच पोरगा पलीकडच्या डिस्ट्रिक्टमध्ये असता तर थेट आत. रानवारा म्हणतात शाळेचं प्रोफाइल बघतात, बघत असतील, पण रँकला प्रोफाइल कळत नाही. आमच्या इथे दोन कुटुंबं त्यासाठी घर बदलून गेली.

बेएरियातली:
घर बदललं??? नाना, मुलांनी मित्र सोडायचे, शाळा सोडायची, ते पण ज्याला कॉलेजचा सी माहीत नाही अशा वयात? मला हे अजिबात पटत नाही.

टेक्सासचे_नाना:
पटायचं काय त्यात, मी नाही गेलो. पण त्यांना मूर्ख पण म्हणणार नाही. नियम तसा आहे तर लोक तसं वागणार. शिवाय ऑटो मिळालं तरी मेजर मिळेल याची हमी नाही, तेव्हा घर बदलून इंजिनियरिंग हुकलं तर ती वेगळीच मजा.

रानवारा:
टेस्टचा मुद्दा राहिलाच. ग्रेड थोडे कमी आणि एसएटी भक्कम असेल तर आता पुन्हा उपयोग आहे. एमआयटीने २०२२ मध्येच टेस्ट परत सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, कॅलटेक, हार्वर्ड एकामागोमाग. डार्टमथने तर त्यांच्याच अभ्यासावरून सांगितलं की टेस्ट ऑप्शनल असताना साध्या परिस्थितीतली मुलं असे स्कोअर लपवत होती जे पाठवले असते तर त्यांना फायदाच झाला असता. हल्ली इतक्या शाळा ए ची खैरात करतात की जिथे शिक्षक हात आखडून ग्रेड देतात तिथल्या पोराला आपला बी वजनाचा आहे हे दाखवायला दुसरा मार्गच नाही.

चष्मिस_बाबा:
हे मात्र मान्य. पण मग तुमच्या यादीत अर्ली डिसिजन घालणार का? तिथे रेट जास्त दिसतो म्हणून ३.७५ वाल्यांना सगळे काउन्सेलर तिकडेच ढकलतात. ते बाइंडिंग असतं, मिळालं की जावंच लागतं. काही प्रायव्हेट कॉलेजांचा वर्षाचा सगळा खर्च ९०,००० डॉलर्सच्या वर गेलाय, आणि दुसऱ्या ऑफरशी तुलना करायची सोयच राहत नाही. ज्यांना पैशाचं काही वाटत नाही त्यांच्यासाठीची सवलत आहे ही, परत तेच.

रानवारा:
पैसे झेपणार नसतील तर ईडी (अर्ली डिसिजन) करूच नये, त्यात दुमत नाही. आधी त्या कॉलेजच्या साइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता खर्च किती ते सांगणारं) भरा, मग बोला. मी मैत्रिणीला हेच सांगितलं, ईडी नको, अर्ली अॅक्शन (लवकर अर्ज, पण बंधन नाही) जिथे आहे तिथे टाका, दोन-तीन स्टेट फ्लॅगशिपचे ऑनर्स प्रोग्राम घ्या, आणि ग्रेड-स्कोअरवर ठरलेली मेरिट स्कॉलरशिप देणारं अलाबामासारखं एखादं ठेवा. तिची लेक नाक मुरडतेय.

बेएरियातली:
लेकीला कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) विचारून बघ एकदा. दोन वर्षं तिथे करून यूसीच्या सहापैकी कुठल्याही एका कॅम्पसला ट्रान्सफरची लेखी हमी मिळू शकते, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांताक्रूझ. सगळे मेजर नाहीत त्यात, पण हायस्कूलचा बी कोणी विचारत नाही.

खडूस:
हे ग्रुपवर कोणी सांगणार नाही. ‘आमचा कम्युनिटी कॉलेजला जातो’ म्हणायला देशी पालकांची जीभच रेटत नाही, मग भले दोन वर्षांनी पोरगं त्याच यूसीत त्याच बाकावर बसो.

टेक्सासचे_नाना:
माझी रेटते. धाकटा तिथेच चाललाय, फॉलपासून. कोणाला क्रेडिट ट्रान्सफरचं कोष्टक हवं असेल तर विचारा, सगळं काढून ठेवलंय.

चष्मिस_बाबा:
नाना, मला पाठवा. मोठीसाठी नाही, पुढच्या वर्षीच्या पोरासाठी. बायकोला सांगू नका अजून.