माइनक्राफ्ट सर्व्हरसाठी जुना ड्युअल झिऑन घेऊ का? दीडशे-दोनशे प्लेयर, सल्ला हवाय

चंक_पाटील
मंडळी नमस्कार. थोडं लांबणार आहे पण सगळं एकदाच सांगतो.

आम्ही सांगलीचे पाच-सहा जण मिळून माइनक्राफ्ट जावा एडिशनचा सर्व्हर चालवतो, पेपर नावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर, आवृत्ती १.२१. एरवी संध्याकाळी चाळीस-पन्नास जण असतात, तेवढं निवांत चालतं. पण दिवाळीत आम्ही किल्ला स्पर्धा घेतो, म्हणजे अंगणात मातीचा करतात तसाच किल्ला पण सर्व्हरवर, प्रत्येक ग्रुपला एक प्लॉट आणि आठ दिवस. गेल्या वर्षी साठ जण होते, यंदा शेवटच्या रात्री १८० आत आणि बाहेर रांग. टीपीएस, म्हणजे सर्व्हर सेकंदाला किती टिक (कामाच्या फेऱ्या) मारतो तो आकडा, २० वरून थेट ९. ब्लॉक फोडला की दोन सेकंदांनी परत जाग्यावर, दार उघडलं तरी बंदच, एक पोरगं बुरुजावरून पडलं ते मध्येच हवेत लटकलं आणि चॅटमध्ये सगळे "हिरकणी हिरकणी" करायला लागले. हसलो तेव्हा, पण लाज गेली.

आत्ता भाड्याचा व्हीपीएस आहे, म्हणजे सामाईक मशीनमधला एक वाटा, ८ व्हीसीपीयूचा. सपोर्टला विचारलं तर म्हणाले रॅम वाढवा. १६ ची ३२ जीबी केली, बिल वाढलं, टीपीएस तिथंच.

आता ओळखीत एक जुना रॅक सर्व्हर मिळतोय, दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर, म्हणजे २८ कोर ५६ थ्रेड, १२८ जीबी रॅम, पन्नास हजाराच्या आत. घरी वरच्या खोलीत ठेवावा म्हणालोय, ३०० एमबीपीएसचं फायबर आहे. एवढ्या कोरात दोनशे जण आरामात बसतील की नाही? बजेट एकदाच दीड लाख, नाहीतर महिन्याला पंधरा हजारापर्यंत. स्पॉन्सर म्हणजे एकाचे मामा आहेत, त्यांना पटेल असं काहीतरी सांगा.

निशाचर_पुणे
नको घेऊ. मामांना फोन लावून आधी थांबव.

जरा इस्कटून सांगतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक मारतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. त्या ५० मध्ये सगळे प्राणी हलवायचे, रेडस्टोन (गेममधली वायरिंग), हॉपर (वस्तू सरकवणारे ब्लॉक), झाडं वाढवायची, कोण कुठं चालला ते बघायचं. आणि यातलं मुख्य काम एकाच थ्रेडवर चालतं. नेटवर्कचं, चंक म्हणजे जगाचे चौकोनी तुकडे लोड करायचं, चॅटचं काम बाकीच्या थ्रेडवर जातं, पण खरा गाडा ओढतो तो एकच बैल. तुझ्या झिऑनचे २८ बैल घेतलेस तरी २७ गोठ्यात रवंथ करत बसणार.

आणि तो ओढणारा एक कसा आहे? हा चिप २०१६ चा, बेस २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.३. त्यासमोर रायझन ९ ७९५०एक्स ५.७ पर्यंत जातो, आणि नुसता गिगाहर्ट्झचा फरक नाही, प्रत्येक क्लॉकमागे काम पण खूप जास्त करतो. ७८००एक्स३डी आठच कोरचा पण ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी आहे, आणि माइनक्राफ्ट सारखं मेमरीत इकडून तिकडे उड्या मारत असतं त्यामुळे कॅशचा उपयोग होतो. तुझं ९ टीपीएस म्हणजे टिकला साधारण ११० मिलिसेकंद लागतायत, ते ५० च्या आत आणायचेत, बस एवढाच प्रश्न आहे, कोर किती हा प्रश्नच नाही.

चंक_पाटील
ऑ? मग एवढे ६४-६४ कोरचे सर्व्हर गेमवाले कशाला घेतात?

निशाचर_पुणे
गेम कसा बांधलाय त्यावर आहे बाबा. व्हॅलोरंट हा शूटिंगचा गेम घे. दहा जणांची मॅच, प्रत्येक मॅच आपापली वेगळी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. सेकंदाला १२८ टिक म्हणजे एका टिकला ७.८ मिलिसेकंद, आणि एका कोरवर तीन मॅच बसवायच्या तर एकीला २.६ च्या आत उरकायला हवं, तेवढं त्यांनी घासून घासून आणलं. तिथं जितके कोर तितक्या जास्त मॅच, सरळ हिशोब.

तुझं उलट आहे, सगळं गाव एकाच जगात. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये पण हेच दुखणं, तिथं एक सूर्यमाला एकाच कोरवर चालते. म्हणून २०१२ मध्ये त्यांनी टाइम डायलेशन आणलं, गर्दी झाली की गेममधला वेळच हळू करायचा, पार १० टक्क्यांपर्यंत. जानेवारी २०१४ ची बी-आर५आरबी ची लढाई त्याच संथ गतीत एकवीस तास चालली, साडेसात हजारांवर लोक त्यात येऊन गेले. म्हणजे सर्व्हरच्या कपाटासमोर पैसे ओतायची ऐपत असलेल्या कंपनीला पण एका कोरची मर्यादा ओलांडता आली नाही, त्यांनी घड्याळच मागं ओढलं.

कोकणी_क्रीपर
फोलिया वापर की. पेपरवाल्यांचंच आहे, जगाचे भाग पाडून प्रत्येक भाग वेगळ्या थ्रेडवर चालवतं. मग २८ कोर लागले कामाला.

लॅगोबा
@कोकणी_क्रीपर फोलिया लांब लांब पांगलेल्या सर्व्हायव्हलला बरं. यांची किल्ला स्पर्धा आहे, सगळे प्लॉट शेजारी शेजारी आणि बक्षीस समारंभाला सगळेच एका मैदानात, म्हणजे भाग एकच आणि थ्रेड पण एकच. वर निम्मे प्लगिन चालणार नाहीत ते वेगळंच.

@चंक_पाटील, भावा हार्डवेअर वगैरे सोड, आधी सांग स्पार्क लावून बघितलास का? पेपरच्या नव्या आवृत्तीत आतच येतो तो. गर्दीच्या वेळी प्रोफायलर पाच मिनिटं चालव आणि ११० मिलिसेकंद कोण खातंय ते बघ. आणि व्हीपीएसवर top ही कमांड मारून त्यात st लिहिलेला आकडा बघ. तो शून्याच्या जवळ नसेल तर तुझे व्हीसीपीयू शेजारचे भाडेकरू खातायत, मग रॅम ३२ कर नाहीतर ३२० कर.

रॅमवरून आठवलं. ३२ मधली किती जावाला दिलीस? सगळी दिली असशील तर चुकलास. १२ ते १६ पुष्कळ झाली, एक्सएमएस आणि एक्सएमएक्स (जावाची सुरुवातीची आणि कमाल मेमरी) सारखे ठेव आणि बाकीची ऑपरेटिंग सिस्टीमला फाइल कॅशसाठी सोड. हीप, म्हणजे जावाला दिलेली मेमरी, मोठा केला की त्यातला कचरा गोळा करायला जावाचा जी१ थांबतो तेव्हा एकदम मोठा थांबतो, आणि प्लेयरला वाटतं सर्व्हर मेला.

रॅकमावशी
मी महापेला डेटासेंटरमध्ये काम करते, बारा वर्षं झाली, त्यामुळे वरच्या खोलीत सर्व्हर ठेवणार हे वाचून राहवलं नाही.

अरे बाळा, तो रॅक सर्व्हर कधी चालू करून ऐकलायस का? सुरू होताना पंखे विमानासारखे ओरडतात, नंतर जरा शांत होतो पण मे महिन्यात सांगलीत पत्र्याखाली परत ओरडणारच. तुझी आई चौथ्या दिवशी प्लग काढेल. वीज बघ, अडीचशे वॅट धरले तर दिवसाला ६ युनिट, महिन्याला १८०, म्हणजे दहा रुपये युनिट धरलं तरी अठराशे, आणि एसी लावलास तर बोलायलाच नको. पावसाळ्यात लाइट गेली की यूपीएस किती वेळ पुरणार?

दुसरं, घरचं फायबर. प्रोव्हायडर बऱ्याचदा सीजीनॅटच्या मागे ठेवतो, म्हणजे तुझा स्वतःचा पब्लिक आयपीच नसतो, २५५६५ पोर्ट उघडणार कुठून? स्टॅटिक आयपीला वेगळे पैसे. आणि मिळाला समजा, तर स्पर्धेत हरलेलं एखादं पोरगं रागानं डीडॉस मारेल, म्हणजे खोट्या ट्रॅफिकचा पूर सोडेल. हसू नकोस, हे असंच होतं, आणि त्याला फार अक्कल पण लागत नाही. त्या रात्री तुझा सर्व्हरच नाही, घरातला टीव्ही, बाबांचं ऑफिसचं काम, सगळं बंद. डीडॉस थांबवायचा तर तुझ्या लाइनीच्या आधी, वर कुठेतरी गाळावा लागतो. लाइन तुंबल्यावर तुझ्याकडच्या फायरवॉलनं काही होत नाही.

म्हणून भाड्यानं डेडिकेटेड, म्हणजे अख्खं मशीन घे. मुंबई-नवी मुंबईत आता पर्याय बरेच आहेत, ओव्हीएच या फ्रेंच होस्टिंग कंपनीने पण २०२३ मध्ये मुंबईत डेटासेंटर उघडलं. घेताना विचार की सीपीयूचं नेमकं मॉडेल कोणतं. "हाय परफॉर्मन्स ८ कोर" असं मोघम लिहिलं असेल तर पुढं जा. रायझन नाहीतर एपिक ४००४ मालिका बघ. ती एपिक म्हणजे जवळपास रायझनच, एएम५ सॉकेटचीच, पण सर्व्हरसाठी काढलेली, चुका स्वतःच दुरुस्त करणाऱ्या ईसीसी मेमरीसकट. गेमसाठी डीडॉस फिल्टर आहे का ते लेखी घे, आणि ट्रॅफिक किती फुकट ते पण.

राईनकाठचा
जर्मनीत घे ना, इथं तेवढ्याच पैशात जवळपास दुप्पट मशीन मिळतं. मी स्वतः घेतलंय.

निशाचर_पुणे
@राईनकाठचा तुला तिथून बरं दिसतंय रे. पुण्याहून फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायला कमीत कमी ६५ मिलिसेकंद, आणि केबल काय सरळ रेषेत जात नाही, प्रत्यक्षात दुप्पट धर. किल्ला बांधायला चालेल एकवेळ, पण हे लोक नंतर तलवारी काढणार. प्लेयर सांगली-कोल्हापूरचे असतील तर मुंबईच.

मोठ्या क्लाउडचा पण विचार करत असशील तर थांब, सीपीयूचं भाडं दिसतं पण बाहेर जाणाऱ्या डेटाचं दिसत नाही. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसला मुंबईत जीबीला साधारण अकरा सेंट, महिन्याला पाच टीबी गेलं तर साडेपाचशे डॉलर नुसते त्याचे. मामा घरात घेणार नाहीत.

कोकणी_क्रीपर
डिस्कचं कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो. एनव्हीएमई डिस्क दोन घे आणि रेड १ कर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहतो, पण रेडला बॅकअप समजू नकोस. मी समजलो होतो. रोज रात्री बॅकअप व्हायचा, अगदी वेळेवर, पण त्याच मशीनवर. एकदा मीच अर्धवट झोपेत चुकीच्या फोल्डरवर डिलीट मारला आणि रेडने इमानदारीत दोन्ही डिस्कवरून काढून टाकलं, बॅकअपसकट. आठ महिन्यांचं जग. त्यात एका मुलीने अख्खा सिंधुदुर्ग केला होता, तटबंदीचा प्रत्येक दगड, आतल्या विहिरी पण. तिला सांगायला माझी तीन दिवस हिंमत झाली नाही.

आणि जग आधीच चंकी प्लगिन लावून जनरेट करून ठेव. १०,००० बाय १०,००० ब्लॉक म्हणजे ३,९०,६२५ चंक, रात्रभर चालू दे. स्पर्धा सुरू असताना नवे चंक बनायला लागले की काय होतं ते तू बघितलंस.

लॅगोबा
+१. व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे प्लेयरला किती चंक लांबपर्यंत दिसतं ते, १० असेल तर ६ कर. १० ला एका प्लेयरमागे ४४१ चंक, ६ ला १६९. सगळे एकाच जागी असले की चंक सामाईक असतात हे खरं, पण दुसरा त्रास सुरू होतो, १८० जण एकमेकांना दिसतात म्हणजे प्रत्येकाची हालचाल बाकी १७९ ला कळवायची, ३२,२२० जोड्या झाल्या. माणसं दुप्पट झाली की हा आकडा चौपट होतो. म्हणून मैदानात एंटिटी ट्रॅकिंगची रेंज, म्हणजे किती लांबचे प्लेयर दाखवायचे ते पण कमी कर.

स्पार्कचं काय झालं?

चंक_पाटील
मंडळी, रविवारी दीडशे जणांना परत बोलावलं आणि स्पार्क लावला. आता हसू नका.

मावळे निघाले.

किल्ल्यावर मातीचे मावळे मांडतात ना, तर पोरांनी त्याच्याऐवजी आर्मर स्टँड (चिलखत अडकवायचे पुतळे) मांडले होते, डोक्यावर टोपी, हातात तलवार, काय काय. एका ग्रुपने एकट्याने नऊशे मांडलेत, दरवाजापासून बालेकिल्ल्यापर्यंत दोन्ही बाजूंना रांगेत. सगळे मिळून सहा हजाराच्या वर. दर टिकला सर्व्हर प्रत्येक मावळ्याला विचारतोय बाबा तू पडतोयस का, तुला कोण ढकलतंय का. टिकचा निम्मा वेळ त्यात. बाकी एका किल्ल्याच्या पोटात धान्याचं कोठार आहे, त्यात चारशे हॉपर.

पेपरच्या कॉन्फिगमध्ये आर्मर स्टँडचं टिक बंद करता येतं, ते केलं. ११० वरून ६२ मिलिसेकंद. एक रुपया न घालता!! आणि st चा आकडा २२ होता, म्हणजे लॅगोबा म्हणाला तसं शेजारी पण जेवत होते.

लॅगोबा
😂😂 मावळ्यांनीच गड पाडला.

६२ वरून ५० च्या खाली मशीन बदलूनच ये. हॉपर मोडायला लावू नकोस, ते पोरगं रडेल.

रॅकमावशी
मग काय ठरलं शेवटी?

चंक_पाटील
झिऑन कॅन्सल. मुंबईत ७९५०एक्सचं डेडिकेटेड मिळालं, ६४ जीबी ईसीसी, दोन एनव्हीएमई, महिना चौदा हजार. फिल्टरचं ईमेलवर लिहून घेतलं मावशी. तुम्ही म्हणाला होता तसं मॉडेल विचारल्यावर दोन ठिकाणी गप्पच झाले. खरं तर आठ कोर पुरले असते पण ७८००एक्स३डी ईसीसीसकट मुंबईत सापडला नाही. मग उरलेल्या कोरांवर लॉबी, सर्व्हायव्हल आणि स्पर्धा असे तीन वेगळे सर्व्हर केले आणि पुढं प्लेयरना त्या-त्या सर्व्हरवर पाठवणारा व्हेलॉसिटी लावला, म्हणजे बैल रिकामे बसायला नकोत. काल १४० जण होते, २१ मिलिसेकंद. बॅकअप रात्री तीनला माझ्या घरच्या मशीनवर येतो, आणि आठवड्यातून एकदा तो उघडून पण बघायचा असं ठरलंय. ते काम मामांना दिलंय, त्यांना आता सगळ्यातच रस आलाय.

राईनकाठचा
छान. आयपी टाक ना इथं, माझ्या पोराला किल्ला करायचाय, मराठी पण बोलेल तेवढंच.

रॅकमावशी
इथं नको रे!!

चंक_पाटील
व्यनि करतो दादा. पिंगची तक्रार करायची नाही मात्र.