शब्दचर्चा : ‘कोणस्थ’ शनी आणि ज्योतिषाच्या पोथीतले ग्रीक देव

तेलवात

आमची आजी दर शनिवारी शनीला तेल वाहून दहा नावांचा श्लोक म्हणते : ‘कोणस्थः पिङ्गलो बभ्रुः कृष्णो रौद्रोऽन्तको यमः। सौरिः शनैश्चरो मन्दः पिप्पलादेन संस्तुतः॥’ पिंगल, सौरि, मंद ही नावं कळतात. हळू चालणारा म्हणून मंद, सूर्याचा मुलगा म्हणून सौरि. पण ‘कोणस्थ’ का? आजी म्हणते, ‘अगं, तो कोपऱ्यात बसतो म्हणून.’ कुठल्या कोपऱ्यात, ते मात्र तिला सांगता येत नाही. कोणी उलगडून सांगेल का?

उंबरठा

विग्रह आजी म्हणतात तसाच होतो, कोणात असलेला तो कोणस्थ. पण नवग्रहांच्या नेहमीच्या मांडणीत शनी पश्चिमेला असतो. कोपऱ्यांत चंद्र, बुध, राहू आणि केतू बसतात. त्यामुळे अर्थ लागतो, पण पटत नाही.

जुनं पंचांग

हा शब्द एकटा धरून बसलात तर सुटणार नाही. त्याची भावंडं शोधायला हवीत. ती सापडतात ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहज्जातक या ग्रंथात, म्हणजे सहाव्या शतकात. दुसऱ्या अध्यायात त्याने ग्रहांची पर्यायी नावं दिली आहेत. सूर्याला हेलि, बुधाला हेम्न, मंगळाला आर, शुक्राला आस्फुजित् आणि शनीला नुसतं ‘कोण’. तिथे ‘स्थ’ नाही.

आता ही नावं मोठ्याने म्हणा आणि शेजारी ग्रीक देव ठेवा : हेलिओस, हेर्मेस, आरेस, अफ्रोदिती, क्रोनोस. ग्रीक लोक ग्रहांना देवांच्या नावाने ओळखत. शुक्राला ते ‘अफ्रोदितीचा तारा’ म्हणत आणि शनीला ‘क्रोनोसचा तारा’. इजिप्तमधल्या ग्रीकांच्या हाताखाली घडलेलं कुंडलीशास्त्र इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत आपल्याकडे आलं, तेव्हा ही नावंही त्याच्याबरोबर आली. होरा, केंद्र, द्रेष्काण हे शब्दही तिकडचेच. आज आपण ‘केंद्र सरकार’ म्हणतो तेव्हा तोच ग्रीक शब्द तोंडात असतो.

मला या नावांचं रूपांतर फार विलोभनीय वाटतं. आपल्या पंडितांनी परका ध्वनी घेतला, पण त्याला संस्कृत अंगरखा घातला. ‘अफ्रोदिती’ आस्फुजित् झाली, शेवटी इंद्रजितासारखा ‘जित्’ आला. कुंभ राशीचं ग्रीक नाव ‘हुद्रोखोओस’, म्हणजे पाणी ओतणारा. त्याचं आपल्याकडे झालं ‘हृद्रोग’! अर्थाचा काडीचा संबंध नाही, पण कान फसतो. ‘कोण’ हा शब्द तर आपल्याकडे आधीच होता. क्रोनोसमधला ‘र’ गळला आणि नाव त्याच साच्यात जाऊन बसलं. पुढे कोणाला तरी नुसतं ‘कोण’ अपुरं वाटलं असावं आणि त्याने अर्थ लागावा म्हणून ‘स्थ’ जोडला असावा. हा शेवटचा दुवा माझा तर्क आहे. कोण म्हणजे क्रोनोस, एवढं मात्र पक्कं.

आपण काय घेतोय हे वराहमिहिराला ठाऊक होतं. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ आहेत, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, असं वचन त्याने बृहत्संहितेत दिलं आहे.

उंबरठा

मग ग्रीकांचा देवराज झ्यूस कुठे राहिला? तो तर आपला वैदिक आकाशदेव द्यौस् ना?

जुनं पंचांग

इथे दोन वेगळी नाती आहेत, त्यांची गल्लत नको. कोण, आर, हेलि हे दत्तक आलेले. झ्यूस आणि द्यौस् हे भाऊबंद, एकाच घरातून वेगळे निघालेले. ग्रीकमध्ये प्रथमा ‘झेउस’, षष्ठी ‘दिओस’. वैदिकात प्रथमा ‘द्यौः’, षष्ठी ‘दिवः’. विभक्तीत रूप बदलण्याची तऱ्हासुद्धा सारखी आहे. ग्रीक महाकवी होमरची माणसं त्याला ‘झेउ पतेर’ अशी हाक मारतात, ऋग्वेदात ‘द्यौष्पितः’ येतं आणि रोमन ‘जुपिटर’ही त्यातलाच. होमर अथेनेला ‘थुगतेर दिओस’ म्हणतो, म्हणजे झ्यूसची लेक. ऋग्वेदात उषेला ‘दिवो दुहिता’ म्हटलं आहे. शब्दाला शब्द जुळतो. त्या उषेची ग्रीक बहीण म्हणजे एओस, गुलाबी बोटांची.

मात्र दिसायला सारखं ते सगळं नात्यातलं नसतं. ग्रीक ‘थेओस’ म्हणजे देव, पण आपल्या ‘देव’शी त्याचा संबंध नाही. ‘दिवस’ हा ‘दिव्’चा, तर ‘दिवा’ दीपापासून आलेला. ग्रीकांचा आकाशदेव उरानोस म्हणजे वरुण, हे समीकरण एकेकाळी लोकप्रिय होतं. आता अभ्यासक उरानोस हे नाव पावसाच्या ‘वर्षा’ या शब्दाजवळचं मानतात.

बृहज्जातकात गुरू ग्रहाला ‘जीव’ म्हटलं आहे. तो झ्यूसच, असं काही विद्वानांचं मत आहे, पण त्यावर एकमत नाही. म्हणून मी त्याला आधीच्या यादीत घेतलं नाही.

तेलवात

आजीला सगळं वाचून दाखवलं. तिने क्रोनोस कोण ते विचारलं. त्याने स्वतःची पोरं गिळली, हे ऐकून ती गप्पच झाली. मग म्हणाली, ‘आमचा शनी साडेसाती लावतो, पण पोरं नाही गिळत.’

जुनं पंचांग

आजींनी नेमकं बोट ठेवलं. नावं आली, कथा आल्या नाहीत. क्रोनोस हा उरानोस आणि गेयाचा मुलगा. पोटचीच पोरं आपलं राज्य घेतील, या भीतीने तो एकेक मूल गिळत गेला. शेवटी त्याची बायको रेया हिने झ्यूसऐवजी दुपट्यात गुंडाळलेला धोंडा त्याच्या हाती दिला आणि तोही त्याने गिळला. यातलं काहीही आपल्या शनीला चिकटलं नाही. तो सूर्य आणि छायेचा मुलगाच राहिला, पिप्पलाद ऋषीने स्तवलेला.

शुक्राचं तर याहून नवल आहे. समुद्राच्या फेसातून जन्मलेल्या प्रेमदेवतेचं नाव आपल्याकडे आलं ते थेट असुरांच्या गुरूला लागलं. आस्फुजित् पुल्लिंगी आहे.