रस्ताच बघायला निघालो होतो: घाटांचे आणि सागरी रस्त्यांचे अनुभव

वळणवेडी
परवा गावी जाताना पोलादपूर सोडलं आणि कशेडीच्या बोगद्यात शिरलो. लेकीने मोबाइलमधून मान वर काढेपर्यंत बाहेर. वर विचारते, "घाट कधी लागणार?" म्हटलं, बाई, गेला.

मग दिवसभर डोक्यात जुना कशेडी. रात्रीची एसटी, खिडकीशी मी, मुठीत लिमलेटच्या गोळ्या. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड आधी पलीकडच्या डोंगरावर सरकताना दिसायचा, ट्रक नंतर. बाबा झोपेतच सांगायचे, "भोगाव आलं." बोगद्याला नावं ठेवत नाहीये हां, गणपतीत घाटात अडकलेल्यांना विचारा त्याची किंमत. पण जिथे पोचायची घाई नव्हती, रस्ता हेच बघायचं ठिकाण होतं, असे तुमचे प्रवास लिहा. घाट, समुद्राकाठ, परदेश, काहीही चालेल.

खारवडा
कशेडी म्हणजे उलटी. पेपरवर बसलं की गाडी लागत नाही म्हणायचे. लागायचीच.

चिंगूची_आई
कुठला पेपर पण? 😄

खारवडा
रविवारची पुरवणी. जाड असायची.

निगुडकर_भोर
वरंधा. दुसरं नाव घेणार नाही. भोर सोडलं की नीरा-देवघरचं पाणी सुरू होतं आणि कितीतरी वेळ सोबत राहतं, कधी उजवीकडे वाटतं, कधी खाली. रस्ता धरणाच्या फाट्याफाट्यांना वळसे घालत जातो, त्यामुळे समोरचं गाव हाकेवर दिसतं आणि अर्धा तास येतच नाही. मग वाघजाईचं देऊळ, भज्यांच्या टपऱ्या आणि माकडं. तिथे थांबून खाली कोकणात बघायचं, धुकं असलं तर धुक्यात बघायचं. आमच्या घरात वरंध्याला जायचं म्हणजे भजी खाऊन परत भोरला यायचं. महाडला उतरलोय ते लग्नकार्यालाच. पावसाळ्यात मात्र रस्ता बंद आहे का ते विचारून निघा, दरडी येतात, बऱ्याचदा बंदच असतो.

सह्यमावळा
भजी खेकडा की बटाटा?

निगुडकर_भोर
कांदा. खेकडा म्हणजे कांदाच हो.

आंब्याची_अढी
आमच्या आंबोलीचा नाव कोणीच घेवक नाय? निषेध!!

सातासमुद्रापार
कॅलिफोर्नियातला हायवे वन. आईबाबा आले होते तेव्हा मुद्दाम सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला या रस्त्याने नेलं. आतल्या मोठ्या रस्त्याने सहज एका दिवसात होतं, पण मग तिथवर येऊन काय बघितलं? इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून उत्तरेहून दक्षिणेला यायचं. समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि थांबायच्या जागांवर गाडी सरळ आत घेता येते. बिग सरच्या पट्ट्यात एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक. बिक्सबीचा १९३२ चा कमानीचा पूल लागतो, तिथे फोटोवाल्यांची जत्रा. पुढे सॅन सिमियनजवळ किनाऱ्यावर एलिफंट सील पडलेले असतात, ढिम्म. बाबा त्यांच्याकडे बघत तासभर उभे.

आईचं मत: "रस्ता छान आहे, पण घाट कसला हा, एक माकड नाही." २०१७ मध्ये मड क्रीकला आख्खा डोंगर रस्त्यावर आला होता आणि जुलै २०१८ पर्यंत तो भाग बंद होता, हे सांगितल्यावर मग तिला तो आपला वाटायला लागला. पेट्रोल आधीच भरून घ्या, मधे फार महाग पडतं.

चिंगूची_आई
काकूंना साष्टांग 🙏

रेवदंड्याचा_बंड्या
@सातासमुद्रापार, हे उजवं-डावं तुम्ही लिहिलंत म्हणून. आपल्याकडे सगळे मुंबईहून गोव्याकडे सागरी रस्त्याने जातात आणि येताना दमले म्हणून हायवे धरतात. अगदी उलटं करा. आपण डावीकडून चालवतो, समुद्र पश्चिमेला, म्हणजे उत्तरेकडे येताना तो तुमच्या बाजूला. जाताना हायवेने भरकन जा, येताना मालवण, आचरा, कुणकेश्वर, देवगड, विजयदुर्ग असं वर सरका. आरे-वारेला चढावरून एकदम दोन्ही किनारे दिसतात, तेव्हा मधे दुसरी गाडी नसली तर बरं वाटतं. आणि श्रीवर्धनहून आरावी, शेखाडीवरून दिवेआगरला येणारा रस्ता. लाटा रस्त्याच्या बांधाला लागतात. माझ्या मते कोकणात त्याला तोड नाही, भांडायचं असेल तर या.

पुणेरी_काकडी
शेखाडी म्हणजे तेच ना, ९३ वालं?

रेवदंड्याचा_बंड्या
हो, आरडीएक्स उतरवलं तेच. पण गावाने काय पाप केलंय? तिथली माणसं मासे पकडतात, विषय संपला.

दाभोळची_सून
बंड्याभावजी, समुद्र डावीकडे हे ठीक, पण गाडी तुम्ही चालवणार, मी डावीकडे बसणार. म्हणजे बघणार मी आणि तुम्ही फक्त रस्ता. हे मला पसंत आहे 😀

सागरी रस्त्याची खरी मजा फेरीबोटीत. खाडी आली की रस्ता संपतो आणि सगळ्यांना खाली उतरून पंधरा मिनिटं गप उभं राहावं लागतं. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. चारही घेतल्यात. माहेर वेळणेश्वरला, म्हणून दाभोळची तर पाठच आहे. फेरीबोट नव्हती तेव्हा गुहागरला जायला चिपळूणवरून वळसा. सासूबाई अजून सांगतात, लग्नाची बोलणी करायला जाणं म्हणजे एक दिवस गेलाच.

कोयनाकाठ
कुंभार्लीवर कोणी लिहिणार नाही हे माहीत होतं. चिपळूणहून वर चढलं की हेळवाक, मग कोयनानगर. आजोबा धरणाच्या कामावर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात त्यांचं घर पडलं, ते रात्रपाळीला होते म्हणून वाचले. त्यांच्याबरोबर घाटातून जायचं म्हणजे रस्ता बघायचा नाही, ते बोटाने दाखवतील तिकडे बघायचं. इथे अमुक राहायचा, इथे चाळी होत्या. आम्ही मुलं कंटाळायचो. आता तोच रस्ता मी मुलाला घेऊन जातो आणि माझं बोट आपोआप बाहेर जातं, पण नावं निम्मी विसरलोय.

वळणवेडी
कोयनाकाठ, अजून लिहा ना. वेगळा लेखच होईल.

कोयनाकाठ
बघतो. कुकर लावलाय.

ब्रेकफेल
लडाख! मनालीकडून. रोहतांगच्या खालून आता अटल बोगदा गेला (९ किमी, २०२० पासून), पण पुढचं सगळं शिल्लक आहे. गाटा लूप्सची २१ वळणं चढताना एका वळणावर छोटंसं देऊळ आणि समोर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, सिगारेटीसुद्धा. बर्फात अडकून तहानेने गेलेल्या ट्रकच्या क्लीनरचं ठाणं, असं सांगतात. आमच्या ड्रायव्हरने न बोलता बाटली ठेवली. मला एकदम आपला खंडाळ्याचा शिंगरोबा आठवला.

सह्यमावळा
अगदी! इंग्रजांना बोरघाटाची वाट दाखवणारा धनगर. जुन्या रस्त्याने गेलं की ड्रायव्हर गाडी न थांबवता नाणं भिरकावायचा, आणि आत बसलेले हात जोडायचे. एक्सप्रेसवे झाल्यापासून किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. मी अजून महिन्यातून एकदा तरी मुद्दाम जुन्याने उतरतो. बायको म्हणते टोल वाचवतोस. तेही खरंच आहे.

पुणेरी_काकडी
ताम्हिणीबद्दल एकच: जुलैच्या रविवारी जाऊ नका. मुळशीच्या पाण्याकडेने जाणारा रस्ता आहे की पार्किंग, कळत नाही. मंगळवारी जा, रजा टाका. धबधब्याखाली स्पीकर लावणाऱ्यांना काय शिक्षा द्यावी, यावर वेगळा धागा काढायला हवा.

आंब्याची_अढी
काढा, मी येतंय.

गगनबावडेकर
आमच्याकडे एकाच गावातून दोन घाट उतरतात: करूळ वैभववाडीला, भुईबावडा खारेपाटणकडे. एकाने उतरा, दुसऱ्याने चढा. पाऊस असला तर दोन्हीकडे काही दिसणार नाही, तरी या.

नवशिक्या_चालक
दाभोळची सून ताई, फेरीबोटीत गाडी मीच चढवायची का? ते लोक चढवून देत नाहीत का? मला रिव्हर्स अजून नीट जमत नाही.

दाभोळची_सून
आम्हाला तरी रिव्हर्समध्येच चढवायला लावली होती. घाबरू नका, तिथली माणसं "येऊ द्या, येऊ द्या" करत हात दाखवतात, त्यांच्याकडेच बघायचं. आरशात पाणी दिसलं तरी दचकायचं नाही.

नवशिक्या_चालक
पाणी दिसतं?? मग नवऱ्यालाच बसवते.