विषय : सुट्टीत परदेशी जाऊन इंग्रजी शिकवण्याबाबत

प्रेषक : शुभदा, एडिसन

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी येथील, म्हणजे अमेरिकेतील न्यू जर्सीच्या, राज्य विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या उन्हाळ्यात, म्हणजे मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, परदेशी जाऊन मुलांना इंग्रजी शिकवायचे असे तिने मनावर घेतले आहे. तिचा पहिला ओढा कोरियाकडे आहे. दरम्यान एका कंपनीने तिला कंबोडियातील चार आठवड्यांच्या ‘स्वयंसेवी अध्यापना’चे पत्रक पाठवले असून, त्यात विमानभाडे वगळून बरीच मोठी रक्कम आपणच भरायची आहे. तिच्याबरोबर राहणारी मैत्रीण पुण्याची आहे आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकते. तिलाही बरोबर जायचे आहे.

आम्हा दोघांची हरकत नाही. परंतु ज्या मुलीने आजवर धाकट्या भावाचा गृहपाठ घेण्यापलीकडे काही शिकवलेले नाही, तिचा तेथील मुलांना खरोखर काही उपयोग होईल का, ही शंका मनातून जात नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपली,
शुभदा


प्रेषक : मंगल, फोर्ट ली

शुभदाताई, नमस्कार.

मी या राज्यातील सरकारी शाळांमध्ये, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवत आले आणि आता निवृत्त झाले आहे. आपली शंका रास्त आहे, पण तिच्याआधी कागदपत्रांचा विषय हातावेगळा करू.

कोरियात नियमित अध्यापनासाठी ई-२ हा व्हिसा लागतो. त्यासाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिका यांपैकी एका देशाचे नागरिकत्व, पदवी, आणि गुन्हेगारीची नोंद नसल्याचे एफबीआयचे प्रमाणपत्र अपोस्टिल करून (म्हणजे परदेशात ग्राह्य ठरेल असे सरकारी प्रमाणीकरण करून) द्यावे लागते. भारतीय पासपोर्टधारकांसाठी २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया करारामुळे एक वाट उघडली खरी, परंतु ती पदवी आणि अध्यापनाचा परवाना असलेल्या शिक्षकांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नव्हे. पदवी पूर्ण न केलेल्या विद्यार्थ्यांना ग्रामीण प्राथमिक शाळांत पाठवणारी ‘टॉक’ नावाची एक सरकारी योजना २००८ पासून चालत होती. ती २०२१ मध्ये बंद झाली. जपानची १९८७ पासूनची ‘जेट’ योजना पदवीधरांसाठीच आहे, आणि चीनमध्ये रीतसर काम करायचे तर पदवीबरोबर साधारणपणे दोन वर्षांचा अनुभवही मागतात. थोडक्यात, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीसाठी पूर्व आशियातली पगारी दारे जवळजवळ बंद आहेत. त्यामुळे जो कोणी ‘पदवी नसली तरी चालेल, पर्यटक म्हणून या, पुढचे आम्ही बघतो’ असे सांगेल, त्याला लांबूनच नमस्कार करावा. अशा प्रकरणात पकडला जातो तो शिकवणारा. बोलावणारा नामानिराळा राहतो.

आता दुसरी गोष्ट, जी या पत्रकांत कधीच छापलेली नसते. आपली सुट्टी म्हणजे जगाची सुट्टी नव्हे, हे जितके खरे, तितकेच पुष्कळ ठिकाणी आपल्या सुट्टीतच त्यांचीही सुट्टी असते, हेही खरे. इटलीतील शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होतात, त्या सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघडत नाहीत. जपान आणि कोरियात जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत सुट्टी असते. याउलट थायलंडचे शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होते, आणि पेरू, चिली या देशांत ते मार्च ते डिसेंबर चालते. जुलैतल्या हिवाळी सुट्टीचे काही दिवस सोडले तर वर्ग भरलेले असतात. त्यामुळे देश निवडण्याआधी त्या देशाचे शालेय वेळापत्रक पाहावे. वर्ग चालू असेल तर तेथे एक शिक्षक असतो, त्याचा अभ्यासक्रम असतो, आणि आपली मुलगी त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून उभी राहू शकते. वर्गच नसेल, तर तिला एकटीला मुलांसमोर उभे करतात आणि त्याला ‘अध्यापन’ म्हणतात.

मी या एकाच गोष्टीवर इतका भर का देते, ते सांगते. आमच्या बर्गन काउंटीत कोरियन कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि माझ्या वर्गात कोरियाहून नुकतीच आलेली मुले दरवर्षी असत. एक मुलगा ‘आय राइस ईट’ असेच म्हणायचा. माझी एक तरुण सहकारी त्याला दर वेळी थांबवून बरोबर वाक्य म्हणायला लावी. तो ते म्हणे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तेच करी. वास्तविक कोरियन वाक्यात क्रियापद आपल्या मराठीसारखेच शेवटी येते, आणि ‘अ’, ‘द’ ही उपपदे जशी मराठीत नाहीत तशी कोरियनमध्येही नाहीत. मी त्याला शब्दांच्या चिठ्ठ्या करून दिल्या आणि क्रियापदाची चिठ्ठी मधे सरकवायला लावली. चार-पाच दिवसांत तो स्वतःच हवेत बोट सरकवून वाक्य दुरुस्त करू लागला. इंग्रजी फर्डे बोलता येणे आणि मूल कोठे अडते ते ओळखता येणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट स्थानिक शिक्षकाला अनुभवाने माहीत असते. आपल्या मुलीला मराठी बोलता येत असेल, तर तिच्याकडे त्या गोष्टीची निम्मी किल्ली आहे, एवढेच मी म्हणेन.

इंग्रजी अध्यापनाच्या प्रमाणपत्राविषयी दोन ओळी. ‘१२० तासांचे ऑनलाइन टेफल’ स्वस्तात मिळते, आणि अनेक ठिकाणी तेवढे पुरते. परंतु त्यातील बहुतेकांत एकाही खऱ्या विद्यार्थ्यासमोर उभे राहावे लागत नाही. केंब्रिजचे ‘सेल्टा’ महाग आहे आणि पूर्णवेळ केल्यास साधारण चार आठवडे खाते, पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवून दाखवावे लागते आणि मागे बसून कोणी तरी ते तपासत असते. दोन्ही जमत नसेल, तर काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयात नव्या स्थलांतरितांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालतात. तेथे आतापासून दर आठवड्याला जावे. ते फुकट आहे, आणि मला विचाराल तर ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा जास्त शिकवून जाते.

आपली,
मंगल


प्रेषक : अनिकेत, बॉस्टन

मंगलमावशी आणि इतर सर्वांना नमस्कार.

मावशींचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, पण वर्ग बंद असताना भरणाऱ्या सुट्टीतल्या कॅम्पला त्यांनी जरा जास्तच झोडपले, असे नम्रपणे वाटते. मी पदवीच्या काळात उत्तर इटलीत उन्हाळी इंग्रजी कॅम्पमध्ये शिकवले आहे. तेथे शाळा तीन महिने बंद असतात, आई-वडील दोघेही नोकरीवर असतात, आणि मुलांना दिवसभर कोणी तरी सांभाळायला हवे असते. कॅम्पचा पाया तोच आहे आणि तो कोणी लपवत नाही. सकाळी अंगणात गोल करून अंगविक्षेपांची गाणी, मग वयोगटानुसार दोन-तीन तास खेळ आणि थोडे लेखन, जेवण, दुपारी पाण्याचे फुगे, आणि शुक्रवारी पालकांसमोर दहा मिनिटांचे इंग्रजी नाटुकले. त्या नाटुकल्यासाठी आठवडाभर एकच वाक्य घोकलेली सात वर्षांची मुलगी ऐन वेळी आजीला पाहून ते इटालियनमध्ये म्हणते, आणि टाळ्या तिलाच सर्वांत जास्त पडतात.

व्याकरण त्यात शिकवले जात नाही, हे खरे. पण शाळेत पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्या मुलाला ती भाषा वापरून चेंडू मागता येतो, हे त्याला प्रथम तेथे कळते. एकोणीस-वीस वर्षांच्या नवशिक्यासाठी, कोणाचेही शैक्षणिक नुकसान न करता शिकवण्याची भीती घालवण्याची ही जागा आहे. राहणे यजमान कुटुंबाकडे असते, त्यामुळे संध्याकाळचे जेवण हाही एक वर्गच ठरतो. फरक इतकाच की त्यात विद्यार्थी आपण असतो. शाकाहारी असल्यास आधी कळवावे. इटलीत अडचण येत नाही, पण ‘मांस नको’ म्हटल्यावर ट्यूना मासा वाढणारी मायाळू मंडळी भेटतात.

पैशांबाबत मात्र स्पष्ट विचारून घ्यावे. अमेरिकन पासपोर्टवर शेंगेन देशांत (इटलीसह युरोपातील सामायिक व्हिसाच्या देशांत) १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येते, पण ती मुभा राहण्याची आहे, नोकरीची नव्हे. कॅम्प जी रक्कम देतो ती कागदावर कोणत्या नावाने देतो, आणि कामाच्या परवान्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी घेतल्याशिवाय तिकीट काढू नये.

मुलांशी जुळणार नाही असे वाटत असेल तर स्पेनमध्ये आणखी एक प्रकार आहे. सोरिया प्रांतातील वाल्देलाविया या ओस पडलेल्या आणि नंतर दुरुस्त केलेल्या खेड्यात २००१ साली सुरू झालेल्या उपक्रमात स्पॅनिश नोकरदार पैसे भरून येतात, आणि इंग्रजी भाषक त्यांच्याशी दिवसभर फक्त गप्पा मारतात. या गप्पा मारणाऱ्यांना राहणे-जेवणे मिळते. तसे उपक्रम आता इतरत्रही निघाले आहेत. मराठी माणसाला गप्पांचे मानधन जेवणाच्या रूपात मिळण्याची सोय मी तरी अन्यत्र पाहिलेली नाही.

आपला,
अनिकेत


प्रेषक : नीलिमा, लंडन (पूर्वी एडिसन)

शुभदाताई, नमस्कार.

मी बालकल्याणाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून कंबोडियाच्या पत्रकाविषयीच लिहिते. त्यात ‘अनाथाश्रम’ हा शब्द असेल, तर पुढे वाचूच नये. तेथील आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे कंबोडियातच झालेल्या पाहणीतून पुढे आलेले आहे. परदेशी पाहुणे पैसे घेऊन येतात म्हणून गरीब घरांतली मुले ‘शिक्षणासाठी’ आश्रमात आणली जातात, आणि पाहुण्यांना लळा लावण्याचे कामही त्यांच्याकडूनच करून घेतले जाते. नेपाळमध्येही हा प्रकार आढळला आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या निमित्ताने अशा मुलांच्या वाहतुकीची दखल गुलामगिरीचा एक प्रकार म्हणून घेतली, यावरून गांभीर्य लक्षात यावे.

अनाथाश्रम नसून साधी शाळा असेल, तरीही कंपनीला तीन प्रश्न विचारावेत. मुलीच्या चारित्र्याची पोलीस पडताळणी कोण मागणार आहे? तिच्या आधीच्या गटाने कोणता पाठ कोठपर्यंत नेला, याची वही कोठे आहे? आणि तिने भरलेल्या रकमेतून शाळेला प्रत्यक्ष किती जाते? पडताळणीशिवाय मुलांमध्ये सोडणारी संस्था आपल्या मुलीबाबत बेफिकीर नसते, ती त्या मुलांबाबत बेफिकीर असते. आणि वही नसेल, तर ती मुले दर महिन्याला नव्या ताईकडून रंगांची आणि प्राण्यांची नावे पुन्हा पहिल्यापासून शिकत आहेत, असे खुशाल समजावे.

अनिकेतशी माझे याबाबतीत दुमत नाही. कॅम्प स्वतःला कॅम्प म्हणवतो. माझी तक्रार शाळेचा वेष घेतलेल्या सहलीबद्दल आहे.

आपली,
नीलिमा


प्रेषक : ओंकार, फिलाडेल्फिया

सर्व काका-काकूंना नमस्कार.

मी स्वतः एफ-१ वर आहे, म्हणून फक्त मैत्रिणीपुरते लिहितो. तिने निघण्यापूर्वी आय-२० वर (विद्यापीठाने दिलेल्या एफ-१ च्या पात्रतापत्रावर) विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची प्रवासासाठीची सही घ्यावी. ती एक वर्षापेक्षा जुनी नसावी. पासपोर्टवरचा एफ-१ चा शिक्का परतीच्या दिवशी चालू असायला हवा. तो संपला असेल, तर इटली किंवा थायलंडमधून नवा काढू असे गृहीत धरू नये, कारण आता मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यावी, असा नियम झाला आहे. शेंगेन व्हिसाही तिला अमेरिकेतून निघण्याआधीच काढावा लागेल, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणे कठीण जाते. दोघींनी एकत्र जायचे ठरवले असेल, तर देश मैत्रिणीच्या पासपोर्टकडे पाहून निवडावा.

आपला,
ओंकार


प्रेषक : शुभदा, एडिसन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कंबोडियाचे पत्रक बाजूला ठेवले आहे. नीलिमाताईंचे तीन प्रश्न मुलीने त्या कंपनीला पाठवले होते. उत्तरादाखल सवलतीचा दर आला.

आता मुलीनेच एक नवी कल्पना मांडली आहे. माझे सासर सातारा जिल्ह्यात आहे आणि गावात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. मंगलताईंनी म्हटल्याप्रमाणे शाळा चालू असलेला देश हवा, तर जून-जुलैत तेथेच का जाऊ नये? मैत्रिणीचाही व्हिसाचा प्रश्न त्या बाजूने सुटतो. हे रीतसर कसे करता येईल?

आपली,
शुभदा


प्रेषक : दिलीप, पार्सिपनी

सौ. शुभदावहिनींना नमस्कार.

माझे थोरले बंधू जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते, त्यामुळे या व्यवहाराची थोडी माहिती आहे.

कल्पना चांगली आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि विदर्भ वगळता शाळा जूनच्या मध्याला उघडतात. म्हणजे आपली मुलगी पोहोचेल तेव्हा पुस्तके नवी आणि वर्ग भरलेला असेल. इंग्रजीला तेथे वर्गशिक्षकच असतो, आणि छोट्या शाळेत तोच दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो. एका इयत्तेला दोघी मुली घेऊन बसल्या तर त्याला दुसऱ्या इयत्तेकडे खऱ्या अर्थाने लक्ष देता येते; मदत म्हणायची ती हीच. गावात पेरणीची धांदल असते, पोरे चिखल तुडवत येतात, आणि मुसळधार पाऊस लागला की पटावरची निम्मी मुले घरी राहतात, याची मुलीला कल्पना द्यावी.

रीत अशी. प्रथम मुख्याध्यापकांना पत्र लिहावे. ते हे पत्र शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवतील, आणि समितीच्या संमतीसह गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेतील. केवळ गावच्या सरपंचांच्या ओळखीवर वर्गात जाऊन बसू नये, कारण उद्या बदली होऊन आलेल्या नव्या अधिकाऱ्याने विचारले तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते. मुलीकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असल्यास वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. नसल्यास, भारताच्या ई-पर्यटक व्हिसावर मोबदला न घेता जास्तीत जास्त एक महिन्याच्या अल्पकालीन स्वयंसेवी कामाला मुभा आहे, त्यामुळे जूनचा उत्तरार्ध आणि जुलैचा पूर्वार्ध धरावा. नीलिमाताईंनी सांगितलेली पडताळणी तेथे कोणी मागितली नाही तरी सोबत न्यावी.

एकच आग्रह आहे. वर्गशिक्षकांशी पहिल्या दिवशी इंग्रजीत बोलू नये. पुष्कळ शिक्षक इंग्रजी नीट वाचतात आणि शिकवतात, पण अमेरिकेहून आलेल्या मुलीसमोर बोलताना संकोचतात, आणि मुलांच्या देखत तो संकोच उघडा पडला तर महिनाभर सहकार्य मिळत नाही. मराठीत ‘सर, आपण कोणता पाठ घेताय, मी कोठे बसू?’ असे विचारले की पुढचे ते स्वतःच सांभाळतात.

इयत्ता ठरली की मला कळवावे. मराठी माध्यमाची ‘माय इंग्लिश बुक’ ही पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. दोघींनी निघण्यापूर्वी ती वाचून, पहिल्या दोन-तीन पाठांसाठी चित्रांच्या आणि शब्दांच्या चिठ्ठ्या येथेच करून न्याव्यात. त्या कशा कराव्यात हे मंगलताई दाखवतीलच.

आपला,
दिलीप